तोफा बाहेर, सूर माजघरात

नगरचा भुईकोट किल्ला आणि बोलपटाचे पार्श्वसंगीत यांचा एकमेकांशी काय संबंध, असे कुणी ऐन फराळाच्या वेळी विचारले तर आपण त्याच्या ताटलीत आणखी एक चकली वाढून त्याला गप्प बसवू. पण वाचकहो, संबंध आहे, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही.

९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत काँग्रेसच्या पुढाऱ्यांची धरपकड झाली आणि पंडित नेहरूंसह कार्यकारिणीची मंडळी नगरच्या किल्ल्यात आणून ठेवली गेली, हे नगरच्या शाळेतले पोरदेखील सांगेल. त्याच महिन्यात, २३ तारखेला, तिकडे उत्तर चीनमध्ये ऐन युद्धाच्या धुमाळीत एक मुलगा जन्माला आला. त्याचे नाव ठेवले यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे हिंदुस्थान आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. आई कुओ छिंगलान ही परिचारिका आणि बाप सोलापूरचा, डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस. पोर साडेतीन महिन्यांचे झाले असेल नसेल, तोच ९ डिसेंबरला डॉक्टर वारले. वय अवघे बत्तीस.

चीनला डॉक्टर पाठवा, असे जनरल चू तेह यांचे पत्र १९३७ साली आले होते ते नेहरूंनाच. सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष असताना, १९३८ च्या सप्टेंबरात, पाच डॉक्टरांचे पथक मुंबईहून बोटीने निघाले. अटल, चोळकर, मुखर्जी, बसू आणि कोटणीस. एक सोडून बाकीचे परत आले. ज्यांच्या हाती ते पत्र पडले ते नगरच्या तटाआड बंदीत, आणि त्या पत्राला ओ देऊन गेलेला सोलापूरचा मुलगा परमुलखातल्या मातीत. नगरहून मिरजगाव, करमाळा करीत जाणारा सोलापूरचा रस्ता आपल्या रोजच्या पायाखालचा. म्हणून म्हणतो, ही कथा आपल्या शेजारघरची आहे.

शेजारघरच्या या कथेवर ख्वाजा अहमद अब्बास यांनी पुस्तक लिहिले आणि शांतारामबापूंनी त्यावरून १९४६ साली राजकमल कलामंदिराचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा बोलपट काढला. कोटणीस झाले स्वतः शांतारामबापू, चिनी पत्नी झाल्या जयश्रीबाई, आणि संगीत दिले वसंत देसाई यांनी. आज लिहायचे आहे ते या संगीताविषयी. गाण्यांविषयी नव्हे, गाण्यांच्या मधल्या, कुणी लक्ष देऊन न ऐकलेल्या संगीताविषयी.

आपली एक जुनी खोड आहे. बोलपट पाहून आलेल्या माणसाला आपण पहिला प्रश्न विचारतो, ‘गाणी कशी आहेत?’ पार्श्वसंगीत कसे आहे, असे विचारणारा अजून मला भेटायचा आहे. यात आपला तरी काय दोष? त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर मावायची तीन-साडेतीन मिनिटे, म्हणजे एक गाणे. तबकडी घरी आली, फोनोवर वाजली, तोंडात बसली. पार्श्वसंगीताची तबकडी कुणी काढतच नसे. ते चित्रपटगृहात ऐकायचे आणि तिथेच सोडून यायचे. लग्नात जेवणाची वाहवा होते ती जिलबीची. आमटीला फोडणी कुणी दिली हे कोण विचारतो? पण आमटी बिघडली तर मात्र सगळी पंगत तोंड वाकडे करते.

ही फोडणी देण्याची रीत मोठी कष्टाची होती. पडद्यावर चित्र सेकंदाला चोवीस या गतीने पळते. एका फुटात सोळा चित्रे बसतात. म्हणजे मिनिटाला नव्वद फूट फिल्म, आणि हजार फुटांचे एक रीळ सुमारे अकरा मिनिटांचे. आईने पदराने डोळे टिपायला चार सेकंद घेतले की सहा फूट संपले! संगीतदिग्दर्शकाने त्या सहा फुटांत सूर सुरू करायचा, भरायचा आणि संवादाच्या आधी मिटायचा. कापून जोडलेले रीळ समोर पडद्यावर चालू आहे, वादक सरसावून बसले आहेत, आणि एका डोळ्याने चित्राकडे, दुसऱ्याने वादकांकडे पाहत दिग्दर्शक हात हलवतो आहे, असा तो प्रकार असे. आवाजाची टेप अजून आलेली नव्हती. आवाजदेखील फिल्मवरच छापला जाई, आणि ती धुऊन निघाल्याशिवाय बरे-वाईट कळत नसे. त्यात युद्धामुळे कच्च्या फिल्मचा दुष्काळ पडलेला. बोलपटाची लांबी अकरा हजार फुटांवर जाऊ नये, असा सरकारी हुकूम निघाला होता. म्हणजे फार तर दोन तासांचा खेळ. अशा दिवसांत तयार झालेल्या वादकाला एक चूक केवढ्याला पडते, हे निराळे सांगायला नको.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. युद्धाच्या चित्रपटाला संगीत देणे अवघड की सोपे? माझे मत विचाराल तर लढाईला संगीत देणे सोपे आहे. तोफा स्वतःच वाजतात. त्यांच्यावर दोन तुताऱ्या, चार नगारे आणि व्हायोलिनवाल्यांची एक फळी सोडली की प्रेक्षक खुर्चीच्या टोकावर येतो. खरी परीक्षा आहे ती पाठीमागे राहिलेल्या घराची. तिथे काही घडत नाही. आई तांदूळ निवडते आहे, बाप वर्तमानपत्र उलटसुलट करतो आहे, आणि पोस्टमन पुढच्या आळीला वळतो आहे. या तिघांच्या मागे काय वाजवायचे? जास्त वाजवले तर रडगाणे होते, आणि काहीच न वाजवले तर दृश्य कोरडे जाईल अशी धास्ती वाटते. युद्धातल्या कुटुंबकथेच्या पार्श्वसंगीताची पारख मी तरी या माजघरातच करतो.

हे काही आपल्याकडचेच कोडे नाही. युद्ध चालू असतानाच, १९४४ साली, अमेरिकेत ‘सिन्स यू वेंट अवे’ नावाचा चित्रपट निघाला. नवरा लढाईवर गेलेला, आणि बायको दोन मुलींसह घर सांभाळते आहे, एवढीच गोष्ट. त्याच्या पार्श्वसंगीताबद्दल मॅक्स स्टायनर यांना ऑस्कर मिळाले. पुढे १९४६ साली, म्हणजे कोटणीसांच्याच वर्षी, लढाईवरून घरी परतलेल्या तिघांची गोष्ट सांगणारा ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज’ आला आणि त्याच्या पार्श्वसंगीताला, ह्यूगो फ्रीडहोफर यांना, तोच मान मिळाला. दोन्ही गोष्टी रणांगणाच्या नव्हेत, घराच्याच. त्यांच्या दिमतीला मोठमोठे वाद्यवृंद होते. आपल्या वसंतरावांच्या गाठीशी काय होते?

त्यांच्या गाठीशी होती एक शाळा. सावंतवाडीकडच्या सोनवडे गावात १९१२ साली जन्मलेला हा मुलगा १९२९ च्या सुमारास कोल्हापूरला ‘प्रभात’मध्ये शिरला, आणि पडेल ते काम करीत, प्रसंगी पडद्यावर तोंड रंगवून उभा राहत, गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे आणि मास्तर कृष्णराव यांच्या हाताखाली शिकला. कोकणातली कीर्तने आणि दशावतार कानात होतेच. याच प्रभातने १९३७ साली ‘कुंकू’ काढला. त्या बोलपटात शांतारामबापूंनी आणि केशवराव भोळ्यांनी एक धाडस केले. पार्श्वसंगीत जवळजवळ काढूनच टाकले! जे ऐकू येते ते त्या घरातले: भिंतीवरचे घड्याळ, दाराची कडी, रस्त्यावरचा आवाज. जरठकुमारी विवाहात अडकलेल्या नीरेची कोंडी सारंगीच्या सुरापेक्षा त्या घड्याळाच्या ठोक्यांनी अधिक सांगितली. घरात केव्हा गप्प बसावे, याचा इतका मोठा धडा दुसऱ्या कोणत्या शाळेत मिळाला असता?

पुढे १९४२ मध्ये शांतारामबापूंनी प्रभात सोडून परळला राजकमल उभे केले. पहिल्याच ‘शकुंतले’चे संगीत वसंतरावांकडे आले, आणि मग कोटणीस. या कथेत संगीतकारापुढे दुहेरी पेच होता. एकीकडे सोलापूरचे मराठी घर, दुसरीकडे चीन. चीन दाखवायचा म्हटले की बोलपटवाल्यांची एक सोपी युक्ती ठरलेली असते. पाच सुरांची एक सुरावट घ्यायची, तिला जरा ठेचकाळत चालवायचे, वर एक झांज आपटायची, की झाला चीन! पण गंमत पाहा, हे पाच सूर कोणते? सा, रे, ग, प, ध. म्हणजे आपला भूप! चिनी संगीताची एक मुख्य स्वरपंक्ती आणि आपल्या माजघरातला भूप ही सख्खी भावंडे आहेत. चाल बदलली की भूप परदेशी होतो, आणि नुसता ठाय लयीत आळवला की पहाटेचा, देवघराचा होतो. ‘यिन’ आणि ‘हुआ’ यांची सोयरीक जुळवायला याहून चांगले स्थळ कोठे मिळेल? कोटणीसांचा बोलपट पाहताना चीनमधल्या प्रसंगांत कान देऊन ऐका. कोठे चीन नुसता पाहुणा म्हणून वाजतो आणि कोठे तो घरचा होतो, याचा अंदाज घेण्यात मोठी मौज आहे. याच वसंतरावांनी पुढे ‘अमर भूपाळी’ला, १९५१ साली, संगीत दिले, हे तर आपल्याला ठाऊकच आहे.

आणि आता शेवटचे रीळ. डॉक्टर गेले आहेत. त्यांची पत्नी तान्ह्या मुलाला घेऊन त्यांच्या घरी येते. जे घर तिने कधी पाहिले नाही, त्याची वाट, त्याचे दार, दारातली माणसे डॉक्टरांच्याच शब्दांनी तिला दाखवली जातात. माणूस नाही, आवाज आहे. संगीतकाराच्या दृष्टीने विचार करा. त्या काळी संवाद, इतर आवाज आणि संगीत या तिन्ही पट्ट्या शेवटी एकाच पट्टीवर उतरत आणि पडद्यामागच्या कर्ण्यातून एकत्र बाहेर पडत. पुरुषाच्या आवाजाच्या पट्टीतच एखादे वाद्य भरून वाजले, तर ते शब्द गिळते. येथे तर बोलणारा मेलेला आहे. त्याचा एक शब्द गिळला गेला तरी त्या बाईचे घर हरवेल! अशा वेळी मोठ्या वाद्यवृंदाचा मोठेपणा एकाच गोष्टीत असतो: तीस माणसे समोर बसलेली असताना त्यांच्यातल्या बहुतेकांनी हात मांडीवर ठेवून बसण्यात.

या पेचातून दुसरी एक वाट पुढे १९६१ साली जयदेव यांनी काढली. ‘हम दोनों’ आठवा. दुसरे महायुद्ध, ब्रह्मदेशाची आघाडी, एकसारख्या चेहऱ्याचे दोन अधिकारी, आणि एकाच्या घरी वाट पाहणारी पत्नी. त्यात एक सिगारेट पेटवण्याचा लायटर आहे. उघडला की एक लहानशी सुरावट वाजते. एवढासा जिन्नस! पण ती सुरावट लढाईवर जाते, घरी येते, आणि जिथे वाजेल तिथे न बोलता गोष्ट सांगून जाते. हे पार्श्वसंगीताचे जुने गुपित आहे. एका माणसाला किंवा एका वस्तूला एक सूर बांधून द्यायचा, आणि मग माणूस समोर नसला तरी सूर पाठवायचा. शंभर वादकांना जे साधत नाही ते कधी कधी एका डबीला साधते.

घर आणि लढाई यांचा विषय निघाला की नगरकराला गप्प राहवत नाही. आपले गाव छावणीचे. बोअर युद्धातले कैदी येथे आले, पहिल्या महायुद्धात जर्मन येथे डांबले गेले, आणि १९४८ पासून रणगाडा दलाचे प्रशिक्षण येथे चालते. याच छावणीत एका ब्रिटिश तोफखाना सैनिकाच्या घरी १९१८ साली एक मुलगा जन्मला. तो पुढे विलायतेतला गाजलेला विनोदी नट आणि लेखक झाला, स्पाइक मिलिगन. दुसऱ्या महायुद्धात तो स्वतः तोफखान्यात होता, आणि तिथल्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवी! १९४४ साली इटलीत कसिनोच्या लढाईत तो जखमी झाला. त्याच्या युद्धाच्या आठवणींवर १९७३ साली चित्रपट निघाला. त्यात स्पाइकचे काम दुसऱ्या नटाने केले, आणि स्पाइकने केले आपल्या वडिलांचे! मुलाला लढाईवर पाठवणारा बाप व्हावे, असे त्याला का वाटले असेल, याचा विचार करावा. आणि त्याच १९१८ साली याच नगरात, एका ख्रिस्ती घरी, आपले शाहू मोडक जन्मले, ज्यांनी प्रभातच्या ‘माणूस’मध्ये पोलीस शिपाई आणि इतर कितीतरी बोलपटांत साक्षात श्रीकृष्ण उभा केला. एका गावाने एका वर्षी किती निरनिराळे सूर जन्माला घालावेत!

१९९४ साली सुरू झालेले रणगाडा संग्रहालय आपण पाहुण्यांना हौसेने दाखवतो. रणगाडे रांगेने उभे आहेत, मुले त्यांच्यासमोर फोटो काढून घेतात. ज्यांच्या आवाजाने कधी जमीन हादरली, ते आता मुके आहेत. पण पारनेर, श्रीगोंदा, पाथर्डीच्या बाजूला ज्या घरातला मुलगा आजही सीमेवर आहे त्या घरी जा. बाहेर पोरांचे फटाके चालू असतात, आणि आतली माउली फोन वाजला की हातातले काम टाकते. पूर्वी ती सायकलच्या घंटीला कान लावून असे. साधन बदलले, कान तोच आहे. युद्धाच्या चित्रपटाला संगीत देणाऱ्याने आधी या माउलीजवळ तासभर बसावे.

आता थोडे त्या वादकांविषयी. बोलपटाच्या नामावलीत संगीतदिग्दर्शकाचे नाव येई, गीतकाराचे येई. व्हायोलिन कुणी धरले, सनई कुणी फुंकली, हे बहुधा येतच नसे. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत यांतले किती तरी वादक गोव्याचे होते. तिथल्या चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. ती मुले मुंबईला येऊन हॉटेलांच्या बँडांत आणि मग बोलपटांत शिरली. आपले संगीतकार सरगमीत गुणगुणत, आणि ही मंडळी ते कागदावर उतरवून वीस-तीस जणांत वाटून देत. सेबॅस्टियन डिसूझा, चिक चॉकलेट, मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस ही त्यांतली काही नावे. गोन्साल्विसांचे शिष्य प्यारेलाल. त्यांनी १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात गुरूचे नाव सगळ्या देशाच्या तोंडी बसवले. पण असा शिष्य किती जणांच्या नशिबी? बाकीचे हजेरी लावून, वाजवून, शेवटची गाडी पकडून घरी गेले.

आपल्या नगर जिल्ह्यातही कुणाच्या घरी जुने क्लॅरिनेट असेल, कुणाचे आजोबा बँडात, तमाशाच्या फडात किंवा मुंबईत एखाद्या वाद्यवृंदात वाजवीत असतील. त्यांना या दिवाळीत समोर बसवा आणि विचारा: कोणत्या चित्रपटात वाजवलेत? शेजारी कोण होते? लिहून ठेवा. तारीख घाला. हा फराळ पुढच्या दिवाळीला मिळेलच असे नाही.

वसंतराव १९७५ साली गेले. त्याआधी ‘श्यामची आई’ला त्यांनी सूर दिले, ‘दो आँखें बारह हाथ’ आणि ‘गुड्डी’तल्या प्रार्थना शाळाशाळांच्या अंगणात पोहोचवल्या आणि हजारो मुलांना एका सुरात गायला बसवले. माजघराचा हा माणूस घरोघरी पोहोचला, त्यात नवल नाही.

राहिली कोटणीसांच्या घराची गोष्ट. पडद्यावर ती मायलेकरांच्या घरी येण्याने संपते. खरी गोष्ट तशी संपली नाही. यिनहुआ मोठा झाला, बापासारखाच डॉक्टर व्हायला निघाला, आणि शिक्षण पुरे होण्याआधीच १९६७ साली गेला. कुओ छिंगलान मागे राहिल्या. हिंदुस्थानात सासरच्या माणसांना भेटायला त्या पुन्हा पुन्हा येत राहिल्या, आणि २०१२ साली वारल्या. नवरा गेल्यावर सत्तर वर्षे! एवढ्या लांबीच्या रिळाला कोणता संगीतकार पुरा पडणार? म्हणूनच त्या शेवटच्या प्रसंगात ज्याने सूर आवरता घेतला, त्याने त्या बाईची अब्रू राखली, असे मला वाटते. संगीताने सांत्वन करावे, पण जे झाले ते झालेच नाही, असे भासवू नये.

हा बोलपट आजही पाहायला मिळतो. फराळ आटोपला, पाहुणे गेले, पोरे निजली की एका रात्री लावा. सोलापूरच्या त्या घरात मधलेच काही ऐकू आले नाही, तर यंत्र बिघडले असे समजून उठू नका, बसून राहा. आणि बाहेर कुणी उशिरापर्यंत सुतळी बाँब लावत असेल, तर त्याला आमच्या वतीने सांगा, आळीत एक जवानाचे घर आहे, जरा दमाने. वाचकहो, दिवाळी सुखाची जावो.